कॅरिबियनमध्ये शिडाच्या नौकेने: थोडी बेटे, निवांत मुक्काम

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला, व्हर्जिन बेटांपासून ग्रेनेडापर्यंत, लहानमोठ्या बेटांची एक कमान पसरलेली आहे. भूगोलाच्या पुस्तकांत तिचा उल्लेख लेसर अँटिलीज असा येतो. शिडाच्या नौकेने फिरण्यासाठी याहून सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. बहुतेक ठिकाणी एका बेटावरून पुढचे बेट नुसत्या डोळ्यांनी दिसते, व्यापारी वारे महिनोन्महिने पूर्वेकडूनच वाहतात, भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आसपासच राहतो आणि हिवाळ्यातही पाणी उबदार असते. पण याच सोयीमुळे पहिल्यांदा जाणारी मंडळी फसतात. नकाशावर बेटे एकमेकांना खेटून दिसतात, म्हणून दोन आठवड्यांत आठ-नऊ बेटांचा कार्यक्रम आखला जातो आणि मग निम्म्या सकाळी कस्टम्सच्या खिडकीपुढे, तर उरलेल्या सकाळी नांगर उचलण्याच्या घाईत जातात. दोन आठवडे हाताशी असतील तर चार-पाच ठिकाणेच निवडावीत आणि त्यांपैकी एका बेटावर सलग चार-पाच रात्री राहावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन सेंट लुशियापासून ग्रेनेडापर्यंतच्या दक्षिण भागाविषयी आहे आणि त्यातला लांब मुक्काम बेक्वे या बेटावर धरला आहे.

हंगाम आणि दिशा

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा मानला जातो. या काळात पर्यटक म्हणून नौका घेऊन जाण्याचे काही कारण नाही. ग्रेनेडा दक्षिणेला असल्यामुळे तेथे वादळ येत नाही असे पूर्वी सर्रास सांगितले जाई, परंतु सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनेडाची दाणादाण उडवली, आणि 1 जुलै 2024 रोजी, म्हणजे हंगाम सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना, बेरिल वादळाने ग्रेनेडाच्या उत्तरेकडील कॅरिॲकू, यूनियन आयलंड आणि मायरो या बेटांवरची बहुसंख्य घरे मोडून टाकली. या बेटांवर जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. कोणती दुकाने, धक्के आणि मूरिंग (नौका बांधण्यासाठी समुद्रतळाला पक्क्या केलेल्या तरंगत्या खुणा) सध्या चालू आहेत याची ताजी चौकशी करूनच तेथील बेत ठरवावा आणि खर्च करताना तेथील लोकांच्या हाती चार पैसे अधिक पडतील असे पाहावे.

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत वारा जोरकस असतो. स्थानिक लोक ज्यांना ख्रिसमस विंड्स म्हणतात ते वारे कधीकधी सलग आठवडाभर 25 ते 30 नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने वाहतात आणि बेटांमधल्या खाड्यांत, म्हणजे दोन बेटांमधल्या खुल्या पाण्यात, लाटा अडीच-तीन मीटरपर्यंत चढतात. अनुभवी खलाशांना यात मौज वाटते, पण कुटुंबासह किंवा नवख्या सोबत्यांसह जाणाऱ्यांनी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. तेव्हा वारा साधारण 15 ते 20 नॉटवर स्थिरावतो, पाऊस कमी असतो आणि ईस्टरची सुट्टी संपली की गर्दी आणि नौकांचे भाडे दोन्ही उतरतात.

मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे आखावा, उलटा नव्हे. सेंट लुशियापासून ग्रेनेडापर्यंतची बेटे नैऋत्येकडे झुकत गेलेली आहेत आणि वारा पूर्व-ईशान्येकडून येतो, त्यामुळे दक्षिणेला जाताना तो नौकेच्या कुशीवर किंवा किंचित मागून मिळतो. परतताना मात्र तोच वारा तोंडावर येतो आणि त्यात भर म्हणून पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह नौकेला सतत बेटांपासून दूर ढकलतो. त्यामुळे नौका सेंट लुशियातील रॉडनी बे किंवा मार्टिनिकमधील ले मारँ येथे ताब्यात घेऊन ग्रेनेडात सोडता येत असेल, तर एकमार्गी प्रवासाचे जादा शुल्क भरणे परवडते. असे शुल्क टाळायचे असेल आणि वेळ आठवडाभराचाच असेल, तर सेंट व्हिन्सेंटवरून निघून टोबॅगो केज या सागरी उद्यानापर्यंत जाऊन परत यावे. परतीचे अंतर कमी असल्यामुळे वाऱ्याविरुद्धची चढाई सहन होण्याजोगी राहते.

नौका आणि माणसे

भाड्याच्या नौकांत सध्या कॅटामरानची चलती आहे. तिचे दोन तळ असल्यामुळे ती कलत नाही, मुक्कामात कमी डोलते, पाणी कमी खोल असले तरी चालते आणि सहा-आठ माणसांना प्रशस्त पडते. एका तळाची नौका समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या अधिक जवळच्या दिशेने जाऊ शकते, भाड्याला स्वस्त असते आणि तिच्या सुकाणूवर बसल्यावर समुद्र हाताला जाणवतो. चौघांच्या चमूसाठी मी आजही 38 ते 42 फुटांची एकतळी नौकाच सुचवीन, मात्र बरोबर लहान मुले किंवा समुद्र लागणारी माणसे असतील तर कॅटामरानच योग्य.

नौका स्वतः चालवायची असल्यास भाड्याने देणाऱ्या कंपन्या मुख्य चालकाच्या अनुभवाची लेखी माहिती मागतात आणि अनेकदा प्रमाणपत्रही. येथे प्रामाणिकपणा पाळावा. रात्री किंवा तुफान वाऱ्यात कधी नांगर टाकलेला नसेल, तर पहिले दोन-तीन दिवस स्थानिक कप्तान सोबत घेणे हा कमीपणा नाही. तो खाड्यांतला वारा, नांगर टाकण्याच्या जागा आणि बंदरातली माणसे ओळखतो, आणि त्या दोन-तीन दिवसांत जे शिकायला मिळते ते नकाशांतून मिळत नाही.

ताबा घेताना घाई करू नये. नांगर खाली सोडून वर ओढून पाहावा, साखळीवर किती अंतरावर कोणत्या रंगाची खूण आहे ते विचारावे, इंजिन चालू असताना मागच्या बाजूने थंडाव्याचे पाणी बाहेर पडते का ते बघावे, मुख्य शीड आखडण्याचे दोर एकदा प्रत्यक्ष ओढून पाहावेत आणि डिंगीचे, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करण्याच्या छोट्या होडीचे, इंजिन स्वतःच्या हाताने सुरू करून बघावे. टाकीत किती पाणी मावते हेही विचारून घ्यावे. गोडे पाणी किनाऱ्यावर सहज मिळेलच असे नाही, म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्यात विसळण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावावी.

आणखी एक बाब नवख्याने आधीच पक्की करून ठेवावी. युरोप, आफ्रिका आणि आशियाच्या बहुतांश भागात बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) डाव्या हाताला ठेवतात, तर कॅरिबियनमध्ये दोन्ही अमेरिका खंडांप्रमाणे तो उजव्या हाताला ठेवावा लागतो. ही पद्धत फ्रेंच बेटांवरही तीच आहे. ज्यांनी इतरत्र शिक्षण घेतले आहे त्यांनी सुकाणूजवळ तशी चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

प्रत्येक बेट म्हणजे वेगळा देश

येथे काही तासांच्या अंतरावर सरकार, चलन आणि भाषा बदलते. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही फ्रान्सचा भाग असल्याने तेथे युरो चालतो. सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स (बेक्वे याच देशात येते), तसेच ग्रेनेडा, या तिन्ही देशांत पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, ज्याचा दर 1976 पासून एका अमेरिकी डॉलरला 2.70 असा बांधलेला आहे. अमेरिकी डॉलरच्या नोटा बहुतेक ठिकाणी स्वीकारल्या जातात, पण किंमत कोणत्या डॉलरमध्ये सांगितली हे प्रत्येक वेळी विचारून घ्यावे, कारण दोहोंत जवळजवळ तिपटीचा फरक आहे.

व्हिसाची चौकशी प्रत्येक देशासाठी स्वतंत्रपणे, पासपोर्टनुसार आणि प्रवासाच्या आधी करावी. मार्टिनिक फ्रेंच असले तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाही, त्यामुळे युरोपसाठीचा नेहमीचा शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालेल असे गृहीत धरू नये.

नव्या देशाच्या पाण्यात शिरताना उजव्या बाजूला पिवळा निशाण चढवायचा असतो. प्रवेशाचे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत केवळ कप्तानाने किनाऱ्यावर उतरावे, इतरांनी नौकेवरच थांबावे. त्याने सर्वांचे पासपोर्ट, नौकेची नोंदणी, भाडेकरार, माणसांची यादी आणि मागील बंदरातून निघाल्याचा दाखला बरोबर न्यावा. अनेक बेटांसाठी सेलक्लिअर या प्रणालीत माहिती आगाऊ भरता येते आणि त्यामुळे खिडकीपुढचा वेळ बराच वाचतो. शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवशी जादा शुल्क पडते. कार्यालयात जाताना अंगावर कोरडा सदरा आणि पायांत चप्पल असावी, पोहण्याच्या कपड्यांत गेलेले कोणालाच आवडत नाही. सैनिकी ठिपक्याठिपक्यांचे कपडे तर सामानातच घेऊ नयेत, कारण या तिन्ही देशांत नागरिकांनी ते घालणे कायद्याने निषिद्ध आहे आणि हा नियम लहान मुलांच्या टोपीलाही लागू होऊ शकतो.

खाडी ओलांडताना

सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट ही डोंगराळ बेटे आहेत. त्यांच्या पश्चिमेकडचा किनारा वाऱ्याच्या आडोशाला असतो. तेथे समुद्र सपाट आणि वारा जवळजवळ बंद असतो, त्यामुळे बऱ्याचदा इंजिनावरच जावे लागते. बेटाचे टोक संपले की अटलांटिकवरून आलेला वारा डोंगराला वळसा घालून एकदम अंगावर येतो आणि त्याचा वेग खुल्या समुद्रातल्या वाऱ्यापेक्षाही पाच-दहा नॉटने जास्त भरतो. म्हणून शीड आखडायचे ते आडोशाला, सपाट पाण्यात असतानाच आखडून घ्यावे. टोक ओलांडल्यावर पाच मिनिटांत समुद्र एवढा खवळलेला असतो की त्याच कामाला चौपट श्रम पडतात. खाडीच्या मध्यावर वारा स्थिर झाला आणि शीड कमी वाटू लागले, तर ते तेव्हा उघडता येते.

निघण्याची वेळ सकाळची ठेवावी. सेंट लुशियातील पितों शिखरांच्या पायथ्यापासून सेंट व्हिन्सेंटचे उत्तर टोक 25 सागरी मैलांच्या आसपास आहे आणि तेथून त्या बेटाचा संपूर्ण पश्चिम किनारा उतरून बेक्वे गाठायचे, तर दिवस मोठा होतो. पहाटे पाच-साडेपाचला निघालेली नौका दुपारी तीन-चारपर्यंत पोचते. ही धाव नको असल्यास सेंट व्हिन्सेंटच्या पश्चिम किनाऱ्यावर एक रात्र काढावी. तेथील उपसागरांत पाणी किनाऱ्यालगत एकदम खोल होते, म्हणून पुढे नांगर टाकून नौकेचा मागचा दोर किनाऱ्यावरच्या नारळाला बांधण्याची पद्धत आहे आणि ते काम छोट्या होडीतून येणारे स्थानिक तरुण करून देतात. त्यांच्याशी आधी नमस्कार-चमत्कार करावा, मग दर ठरवावा आणि काम झाल्यावर ठरलेले पैसे तिथल्या तिथे द्यावेत. एकाशी ठरल्यावर दुसऱ्याला नम्रपणे तसे सांगितले की प्रश्न मिटतो.

वाटेत क्षितिजावर वाऱ्याच्या बाजूने काळा ढग आणि त्याखाली पावसाचा राखाडी पडदा दिसू लागला की पुढचे शीड निम्मे गुंडाळावे. अशा सरीत वारा काही मिनिटांत 30-35 नॉटवर जातो आणि बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो. समुद्र लागणाऱ्यांनी औषध निघण्याच्या तासभर आधी घ्यावे, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

नांगर

भाड्याच्या नौकेवर रात्रीची झोप नांगरावर अवलंबून असते, म्हणून या कामाला अर्धा तास द्यावा लागला तरी द्यावा. जागेवर पोचण्याची वेळ सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान असावी आणि सूर्य शक्यतो पाठीशी असावा, कारण तेव्हाच पाण्याचा रंग नीट वाचता येतो. गर्द निळे पाणी खोल असते, फिकट हिरवट-निळे म्हणजे खाली वाळू आहे, तपकिरी डाग म्हणजे वर आलेला प्रवाळ आणि काळपट पट्टे म्हणजे समुद्री गवत. पाण्यावरची चकाकी घालवणारा ध्रुवित काचांचा चष्मा घालून एका माणसाने पुढच्या टोकावर उभे राहावे. नांगर केवळ वाळूत टाकावा. प्रवाळावर टाकलेला नांगर शेकडो वर्षांची वाढ मोडतो आणि गवतावर टाकलेला नांगर गवताचे झुपके उपटत सरकतो.

नौका वाऱ्याकडे तोंड करून थांबवावी, नांगर तळाला टेकेपर्यंत सोडावा आणि नौका मागे जाऊ लागली की साखळी हळूहळू सोडत राहावे. साखळी किती सोडायची याचा हिशेब पाण्याच्या खोलीत नौकेच्या पुढच्या टोकाची उंची मिळवून करतात. पाणी 5 मीटर आणि टोक पाण्यापासून दीड मीटर वर असेल, तर साडेसहाची पाचपट म्हणजे सुमारे 33 मीटर साखळी हवी. वारा वाढण्याचा रंग असल्यास ती सातपटीपर्यंत न्यावी. मग इंजिन मागे टाकून आधी हळू आणि नंतर जोर वाढवत ओढ द्यावी आणि त्या वेळी किनाऱ्यावरच्या एकामागोमाग असलेल्या दोन खुणा, उदाहरणार्थ एखादे घर आणि त्यामागचा विजेचा खांब, एका रेषेत राहतात का ते पाहावे. त्या सरकल्या तर नांगरही सरकतो आहे. शेवटी पोहण्याची काच लावून कोणीतरी नांगरापर्यंत जावे. नांगराचे पाते वाळूत पूर्ण बुडालेले आणि साखळी त्याच्यापुढे सरळ पडलेली दिसली की काम झाले. पाते आडवे पडून नुसते वाळूवर टेकलेले असेल, तर नौका सध्या केवळ साखळीच्या वजनावर उभी आहे आणि रात्री पहिल्या जोरदार झोताला ती सरकेल, तेव्हा कंटाळा न करता सगळे पुन्हा करावे.

सेंट लुशियात सूफ्रिएर गावाजवळ, पितों शिखरांखाली, नांगर टाकण्यास मनाई आहे. तो सागरी संरक्षित विभाग असल्यामुळे तेथे मूरिंग बोयाच घ्यावा लागतो. हीच शिखरे 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. बोयाला बांधल्यावर त्याचाही दोर पाण्यात उतरून तपासावा.

बेक्वेचा मुक्काम

सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिणेला सुमारे 9 सागरी मैलांवर असलेले बेक्वे हे अवघे 18 चौरस किलोमीटरचे बेट आहे. त्याच्या पश्चिम बाजूला ॲडमिरल्टी बे हा मोठा, खोल उपसागर आहे. उत्तरेकडून शिरताना तोंडाशीच डेव्हिल्स टेबल नावाचा उथळ खडक लागतो. त्यावर खूण आहे, तरी कोपरा कापून जाण्याचा मोह टाळून बाहेरून वळसा घ्यावा. उपसागराच्या आत उजव्या हाताला प्रिन्सेस मार्गारेट बीच आणि त्यापलीकडे लोअर बे हे वाळूचे किनारे आहेत. मला प्रिन्सेस मार्गारेटसमोरची जागा सर्वांत आवडते, कारण नांगर चांगला धरतो, पाणी स्वच्छ असते आणि पोर्ट एलिझाबेथ हे गाव डिंगीने काही मिनिटांवर राहते. डोंगरावरून अधूनमधून वाऱ्याचे जोरदार झोत उतरतात, म्हणून शेजारच्या नौकेपासून ऐसपैस अंतर ठेवावे. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधील वादळांची लाट इथवर येते आणि मग याच जागेवर रात्रभर डुलावे लागते. हवामान खात्याने उत्तरेकडच्या लाटेचा इशारा दिला असेल तर गावाच्या बाजूला, आणखी आत सरकावे.

पहिला दिवस कागदपत्रे, कचरा, पाणी आणि भाजी यांतच घालवावा आणि त्याबद्दल हळहळू नये, कारण बेटाची ओळख याच कामांतून होते. कस्टम्स आणि इमिग्रेशनचे कार्यालय फेरीच्या धक्क्याजवळ आहे. येथे कोणाशीही बोलताना आधी गुड मॉर्निंग किंवा गुड आफ्टरनून म्हणणे अत्यंत आवश्यक आहे. थेट कामाचा प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट समजतात, आणि एका शब्दाच्या अभिवादनाने समोरच्या माणसाचा नूर पालटतो हे दिवसभरात अनेकदा अनुभवास येते. भाजीबाजारात आंबे, पपया, रताळी, अळकुड्या आणि नीरफणस मिळतात. नीरफणस सालीसकट विस्तवावर काळा होईपर्यंत भाजून आतला गर काढतात, आणि शाकाहारी माणसाला तो पोटभर आधार देतो. पाव, बर्फ आणि मासळी घेऊन होड्याही नौकेपर्यंत येतात. मोठ्या बॅराकुडासारखे शिकारी मासे मात्र टाळावेत, कारण प्रवाळाजवळच्या अशा माशांत सिग्वाटेरा हे विष साठू शकते आणि ते शिजवूनही जात नाही.

दुसऱ्या दिवशी चालावे. गावापासून पाण्याच्या कडेकडेने बेलमाँट वॉकवे ही अरुंद पायवाट प्रिन्सेस मार्गारेटच्या दिशेने जाते. लाट मोठी असली की पाय भिजतात, त्यामुळे बूट हातात घेऊन चाललेले बरे. उलट्या दिशेला, उपसागराच्या उत्तर बाजूच्या टेकडीवर, हॅमिल्टन बॅटरीच्या जुन्या तोफा आहेत आणि तेथून नांगरलेल्या सगळ्या नौका एका नजरेत दिसतात. किनाऱ्यावर सावली शोधताना मँचिनील हे झाड ओळखायला शिकावे. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, ती विषारी असतात आणि पानांवरून ठिबकणाऱ्या पावसाच्या पाण्यानेही कातडीवर फोड येतात. पाऊस आला म्हणून अनोळखी झाडाखाली धावू नये.

बेक्वेची खरी ओळख तेथील होड्यांची आहे. दोन्ही टोकांना निमुळत्या अशा मासेमारीच्या होड्या येथे पिढ्यानपिढ्या बांधल्या जातात आणि त्यांचा घाट एकोणिसाव्या शतकातल्या व्हेल-शिकारीच्या होड्यांवरून आलेला आहे. गावातल्या रस्त्यालगतच्या कार्यशाळांत कारागीर त्यांच्या छोट्या प्रतिकृती घडवतात. तेथे निदान एक तास बसावे. लाकडाचा ठोकळा आधी कोयत्याने, मग पटाशीने आणि शेवटी काचकागदाने उतरत जातो, आणि कारागीर तळाची वळणे मोजपट्टीने न तपासता अंगठा फिरवून तपासतो. वेळ असेल तर आपल्या नौकेची प्रतिकृतीही करून मिळते, पण त्यासाठी आधी मागणी नोंदवावी लागते. हंपबॅक व्हेलची शिकार येथे आजही होते. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग स्थानिक उदरनिर्वाहाच्या तत्त्वावर वर्षाला कमाल चार व्हेलना परवानगी देतो आणि शिकार शिडाच्या उघड्या होडीतून, हाताने फेकलेल्या भाल्याने केली जाते. पाहुण्याला हे पटणार नाही, मला स्वतःलाही त्याचा त्रास होतो, तरीही त्यावर वाद घालण्यापेक्षा म्हातारी माणसे काय सांगतात ते ऐकून घेणे मी श्रेयस्कर मानतो.

तिसरा किंवा चौथा दिवस फेरीने किंग्सटाऊनला जाण्यासाठी ठेवावा. नौका नांगरावरच ठेवून तासाभरात राजधानीत पोचता येते. तेथील वनस्पती उद्यान 1765 मध्ये स्थापन झाले असून ते पश्चिम गोलार्धातल्या सर्वांत जुन्या उद्यानांपैकी एक आहे. कॅप्टन विल्यम ब्लायने 1793 मध्ये ताहितीहून आणलेल्या नीरफणसाच्या रोपांची वंशपरंपरा तेथे दाखवतात. शहरात दुपारच्या जेवणाला रोटी मागावी. सेंट व्हिन्सेंटवर 1861 पासून आणि ग्रेनेडावर 1857 पासून भारतीय करारबद्ध मजूर आणले गेले, त्यांच्याबरोबर ही रोटी आली आणि आता ती साऱ्या बेटांची झाली आहे. बटाटा आणि हरभऱ्याची रश्श्याची भाजी मोठ्या मऊ पोळीत गुंडाळून देतात. मांसाशिवाय हवी असल्यास आधी स्पष्ट सांगावे.

डिंगीविषयी एक सूचना येथेच द्यायला हवी. ती गावच्या धक्क्याला साखळी-कुलपाने बांधावी आणि रात्री पाण्यात तरंगत न ठेवता दोराने नौकेच्या कडेवर उचलून घ्यावी. चोरीच्या बहुतेक घटना पाण्यात सोडलेल्या डिंग्यांच्या असतात.

टोबॅगो केज आणि पुढे

बेक्वेहून दक्षिणेला निघाल्यावर टोबॅगो केज हे सागरी उद्यान लागते. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या प्रवाळभिंतीमागे चार निर्मनुष्य बेटे आहेत आणि पाचवे तिच्या बाहेर आहे. भिंतीच्या मागे, तीन-चार मीटर खोल वाळूवर नांगर टाकला की पुढे पूर्वेकडे थेट आफ्रिकेपर्यंत जमीन नाही, तरीही लाटा भिंतीवर फुटत असल्यामुळे पाणी शांत राहते. वारा मात्र कोठेच अडत नाही, म्हणून साखळी सढळ हाताने सोडावी. उद्यानाचे कर्मचारी होडीने येऊन माणशी शुल्क घेतात. पावती जपून ठेवावी. बॅराडल बेटासमोर बोयांनी आखलेल्या भागात हिरवी समुद्री कासवे गवत चरतात. तेथे पाण्यात अलगद उतरावे, कासवापासून काही मीटर दूर राहावे, त्याच्यावर किंवा त्याच्यामागे पोहत जाऊ नये, आणि ते श्वास घ्यायला वर येत असेल तेव्हा त्याची वाट मोकळी ठेवावी. उद्यानात मासेमारीला बंदी आहे, आणि भाल्याने मासे मारण्यास परदेशी पाहुण्यांना या संपूर्ण देशात मनाई आहे.

येथे दोन रात्री पुरतात. नंतर यूनियन आयलंडवर देशाबाहेर पडण्याचे सोपस्कार करून कॅरिॲकूवर ग्रेनेडात प्रवेशाचे करावेत. कॅरिॲकूवरून ग्रेनेडाकडे जाताना नकाशावर किक एम जेनी हे नाव शोधावे. ग्रेनेडाच्या उत्तरेला सुमारे 8 किलोमीटरवर असलेला हा पाण्याखालचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती 1.5 किलोमीटरचा भाग नौकांना कायम बंद असतो आणि सतर्कतेची पातळी वाढली की ही मर्यादा 5 किलोमीटरपर्यंत नेतात. निघण्याच्या सकाळी त्या दिवशीची पातळी पाहूनच मार्ग आखावा.

ग्रेनेडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेंट जॉर्जेसच्या थोडे उत्तरेला, मॉलिनिएर बे येथे जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने 2006 मध्ये सुरू केलेले पाण्याखालचे शिल्पउद्यान आहे. सकाळी पर्यटकांच्या होड्या येण्याआधी बोयाला बांधून तासभर पोहून घ्यावे आणि मग बंदर गाठावे. नौका परत करण्याच्या आदल्या संध्याकाळीच धक्क्यावर पोचावे, डिझेल भरून पावती घ्यावी, नौकेच्या तळाची पाणबुड्याने केलेली तपासणी स्वतः हजर राहून पाहावी आणि विमान दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचे ठेवावे.